पेटीचं तोंड

त्या घराच्या दाराला बाहेरून कडी होती आणि कडीत लाकडाची खुंटी खोचलेली होती. मी हाक मारली तर आतून आवाज आला, "बाई!" माझी विद्यार्थिनी आत होती. भर दुपारी, एकटी, बंद. मी खुंटी काढली आणि तिची आई निंदणावरून परत येईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिले. फक्त भांडायला.

भांडण मला नवीन नव्हतं. मी पांढुर्ण्याची. रोज सकाळच्या बसनं सौंसरला यायचे, तिथल्या मुलींच्या शाळेत चौथीला शिकवायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत जायचे. शाळेतले लोक माझ्यामागे म्हणायचे, "पांढुर्ण्याची बाई आहे, गोटा उचलल्याशिवाय बोलत नाही." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात आणि नदीपलीकडच्या सावरगावात जी दगडफेक चालते, तिच्यावरून हा टोमणा. खरं सांगायचं तर मला तो आवडायचा.

ही त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट. मुलगी सतरा-अठरा वर्षांची होती आणि समज सात-आठ वर्षांची. त्या काळी अशा मुलांना मतिमंद म्हणत. गावात त्याहून वाईट शब्द होते. ते मी लिहीत नाही, कारण आठवले तरी अजून हात शिवशिवतात. नागपूरला काही महिन्यांचं एक प्रशिक्षण घेऊन आल्यावर मी हेडमास्तरांच्या हात धुऊन मागे लागले आणि शाळेमागची जळाऊ लाकडांची खोली रिकामी करून घेतली. चौथीचा वर्ग सुटला की दुपारचे दोन तास तिथे अशा पाच मुली माझ्याजवळ असायच्या. त्यांना मी वाचायला-लिहायला शिकवायच्या भानगडीत पडले नाही. शाळा संपल्यावर चार माणसांत बसून काहीतरी काम करता आलं पाहिजे, एवढाच माझा हेतू होता. तोही लोकांना फार वाटायचा.

या मुलीला मी एकच गोष्ट शिकवली. सारखं सारख्याजवळ. चिंचोके, बटणं, सुपाऱ्या, चमचे, सगळं एकत्र ओतायचं आणि तिनं वेगळं करायचं. पहिलं वर्षभर ती ढिगात दोन्ही हात घालून हसायची आणि सगळं खोलीभर उधळायची. मी ते गोळा करायचे. दुसऱ्या वर्षी एके दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीबाहेर आरडाओरडा झाला. जाऊन बघते तर सगळ्यांच्या चपला भिंतीशी ओळीनं लावलेल्या, लहान लहानांजवळ, मोठ्या मोठ्यांजवळ, आणि ही त्यांच्यासमोर मांडी घालून बसलेली. हेडमास्तरांची चप्पल शिपायाच्या चपलेला लागून होती. हेडमास्तर भडकले. मला मात्र इतका आनंद झाला की मी तिथेच रडले. "बाई, बरोबर?" तिनं विचारलं. काही जमलं की ती हेच विचारायची. मी "बरोबर, शाबास" म्हणायचे, मग ती उजवा हात पुढे करायची आणि मी त्यावर टाळी द्यायचे.

तिचं नाव सहा वर्षं पाचवीच्या पटावर होतं. तसं ठेवल्याशिवाय तिला शाळेत येताच आलं नसतं. मग तपासणीला साहेब येणार असं कळलं आणि हेडमास्तर मला म्हणाले, "बाई, त्या पाच जणींना त्या दिवशी घरीच राहू द्या." मी राहू दिलं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तपासणी म्हटली की सगळ्याच शाळा सारवून-सुरवून बसायच्या. माझ्या चौथीतसुद्धा मी पाढे पाठ असलेल्या मुली पहिल्या दोन बाकांवर आणल्या आणि अडखळणाऱ्या मागे, खांबाच्या आड बसवल्या. साहेब खूश झाले. पण जाता जाता त्यांनी पट चाळला आणि पाचवीच्या पानावर बोट ठेवलं. ही सहा वर्षं इथेच कशी? दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी लाल शाईनं नाव कापलं.

"ती जाईल कुठे?" मी विचारलं.

"ते आपण पाहायचं नाही, बाई. ही शाळा आहे, धर्मशाळा नाही."

मी त्यांना काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. शिपाई दार लावून घ्यायला आला होता एवढं आठवतं. त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो, आणि कामही फार काढलं नाही.

तीन आठवड्यांनी मी तिच्या घरी गेले, तेव्हा ती कडी दिसली.

आई आली. बारीक, काळीसावळी, डोक्याला फडकं बांधलेली, हातात खुरपं. नवरा वारून बरीच वर्षं झालेली. ती लोकांच्या शेतात मजुरीला जायची. उघडं दार आणि उंबऱ्यावर मला बघून तिनं रामराम-नमस्कार काही केला नाही.

"गुरांनासुद्धा दिवसा मोकळं सोडतात," मी म्हणाले.

"गुरं संध्याकाळी घरी वापस येतात, बाई." तिनं खुरपं भिंतीशी ठेवलं. "हे पोरगी मागच्या साली छिंदवाड्याच्या बसमधे चढून गेली होती. कंडक्टर भला होता म्हणून मिळाली. आता वयात आली. कोणी हात धरून नेली त मी कोणाच्या दारी जाऊ? तुमच्या?"

"म्हणून कोंडून ठेवायचं?"

"मंग तुमी न्या. पांढुर्ण्याले, तुमच्या घरी. हाय तयारी?"

घरी सासूबाई होत्या, दोन मुलं होती, दोन खोल्या होत्या. ही कारणं होती, आणि ती कारणं नसती तरी मी नेलं नसतं. तिनं ते माझ्या तोंडावरच वाचलं.

"नाही न? तुमी संध्याकाळच्या बसनं चालल्या जाता. इथं मी राह्यतो हिच्यापाशी. शाळा शाळा करून तुमी हिले बाहेरची सवय लावली. आता हे दिवसभर दारावर बुक्क्या मारून राहिली. पहिले नव्हती मारत." मग म्हणाली, "चार बायांत बसाचं काम पाहून द्या. आजच्या आज हे खुंटी चुलीत घालतो."

ती मला आव्हान देत होती. तिला खात्री होती की मी परत येणार नाही. मला तिचा इतका राग आला की मी त्या रागातच काम शोधायला निघाले.

कार्तिक लागला की सौंसरच्या आसपास संत्र्याची तोडणी सुरू होते. बागेतून गाड्या भरून माल येतो, व्यापाऱ्याच्या आवारात ओतला जातो, बाया बसून मोठी, मधली, बारकी वेगळी करतात आणि मग लाकडी पेट्यांत तणस, म्हणजे भाताचा पेंढा, घालून भरतात. रात्रीच्या आत ट्रक नागपूरला लागला पाहिजे. नागपूर रस्त्यावरच्या एका व्यापाऱ्याची पुतणी माझ्या चौथीत होती. मी त्याच्याकडे गेले. त्याच्या तोंडात कायम लवंग असायची आणि बोलताना तो समोरच्याकडे न पाहता मालाकडे पाहायचा.

"पागल पोरगी इथं काय करन, बाई? इथं घाई राह्यते."

मी दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी मुलीलाच घेऊन गेले आणि न विचारता तिला एका ढिगासमोर बसवलं. "सारखं सारख्याजवळ," मी म्हणाले. ती कामाला लागली. डोळ्यांपेक्षा तळव्यांनी जास्त. संत्रं हातात आलं की क्षणभर बोटं मिटायची आणि ते आपल्या ढिगात जायचं. बाया हात थांबवून बघायला लागल्या. त्यांच्यातल्या दोघी मिळून जेवढं करत तेवढं ती एकटी करत होती, आणि चूक एक नाही. व्यापारी पहिल्यांदा मालावरून नजर काढून तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बसवा." बाकीच्या बायांच्या निम्म्या मजुरीवर. तेवढ्यावरही मी हो म्हणाले.

बायांनी तिला आपल्यात घेतलं असं मी म्हणणार नाही. तिला नळाजवळच्या ओल्यात बसायला जागा दिली. तिची भाकरी लपवायच्या, ती शोधत फिरली की हसायच्या. मी एकदोनदा तिथेच त्यांची खरडपट्टी काढली, त्यानं त्या जास्तच चेकाळल्या. पण मुलगी रोज सकाळी आपली आपण उठायची, डोक्याला तेल लावून वेणी घालून घ्यायची आणि आई निघायच्या आधी दारात उभी राहायची. मी मुद्दाम त्यांच्या घरावरून गेले. कडी मोकळी लोंबत होती. खुंटी कुठे आहे विचारलं तर आईनं चुलीकडे मान हलवली. आभार तिनं मानले नाहीत. मलाही ते नको होते, जिंकल्याचं सुख पुरेसं होतं.

ते सुख तीन आठवडे टिकलं.

एका दुपारी आवारातला हमाल शाळेत आला आणि म्हणाला, शेठनं आत्ताच्या आत्ता बोलावलं. वर्ग टाकून गेले. ट्रक दाराशी उभा होता, ड्रायव्हर शिव्या देत होता. आवाराच्या मधोमध सात-आठ पेट्या उपड्या पडलेल्या, तणस सगळीकडे, आणि त्या पसाऱ्यात माझी विद्यार्थिनी आनंदानं संत्री वेगळी करत बसलेली. मला पाहताच ओरडली, "बाई! सारखं नव्हतं!"

काय झालं होतं ते कळायला मला एक मिनिटही लागलं नाही. पेटीत तळाशी बारकी संत्री घालायची, जराशी हिरवट, डागाळलेली. मधे मधली. वर झाकण ठोकायच्या आधी मोठी, पिवळीधमक, एखाद्याचं पान तसंच ठेवलेली. त्या वरच्या थराला ते लोक पेटीचं तोंड म्हणत. त्या दिवशी बाया जेवायला गेल्या असताना तिनं भरलेल्या पेट्यांत हात घातला. मोठ्याखाली तिच्या बोटांना बारकं लागलं. ते तिच्या लेखी चूक होतं, आणि चूक दिसली की ती दुरुस्त करायची हे मीच तिला इतकी वर्षं घोकवलं होतं. तिनं सगळ्या पेट्या रिकाम्या केल्या.

"हे तुमीच शिकवलं न इले?" व्यापारी म्हणाला.

"हो, मी शिकवलं. आणि तिचं बरोबर आहे. तुम्ही करता ती लबाडी आहे."

बाया तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. व्यापारी चिडला नाही, त्याचाच मला जास्त संताप आला. त्यानं लवंग एका गालातून दुसऱ्या गालात घेतली.

"बाई, नागपूरच्या अडत्याले मालूम आहे खाली काय राह्यते. त्याच्याकडून घेणाऱ्याले बी मालूम आहे. सगळे तोंड पाहून घेतात, सगळे तोंड पाहून विकतात. मी एकटा सरळ भरली त बारक्याची पेटी कोण उचलन? तुमी?"

"पण म्हणून..."

"थांबा न. तुमच्या शाळेत साहेब आले होते. माही पुतणी सांगून राहिली होती घरी. हुशार पोरी समोरच्या बाकावर, बाकीच्या खांबाच्या मागं. अन ही कुठी होती त्या दिवशी, बाई? घरी न? तुमी बी पेटी भरलीच न तोंड पाहून?"

हे तो बोलला ते भर आवारात, त्या बायांसमोर. त्या माणसाला मी कधीच माफ केलं नाही, आणि ते तो खोटं बोलला म्हणून नव्हे.

"उद्यापासून इले हेच शिकवा," तो म्हणाला, "नाही त घेऊन जा घरी. मले दोनी चालते."

मुलीची आई फाटकाशी उभी होती. तिलाही कोणी तरी शेतातून बोलावून आणलं होतं. ती माझ्याकडे आली आणि एवढंच म्हणाली, "शिकवा."

"ते खोटं आहे हो."

"खोटं बोलले म्हणून मेलं का कोणी? अन कोंडून ठेवलं त हे मरन. तुमीच म्हणत होत्या न? शिकवा."

मी शिकवलं. इथून पुढचं मला लिहावंसं वाटत नाही, पण जे केलं ते केलं.

व्यापाऱ्यानं एक पेटी आणि दोन टोपल्या माल दिला. रोज शाळा सुटल्यापासून बस येईपर्यंत मी तिच्या घरी त्या पेटीसमोर बसायचे. "बारकं खाली, मोठं वर," मी म्हणायचे. मी भरायचे, ती बघायची. मग झाकण लावायच्या आधी तिचा हात आत जायचा आणि ती बारकी शोधून बाहेर काढायची, मला दाखवायची आणि माझी कीव आल्यासारखी हसायची. तिला वाटायचं, बाई विसरतात. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. मी गोड बोलले, गूळ दिला, ओरडले. "सारखं नाही, बाई," ती म्हणायची. तिला वाईट-चांगलं कळत नव्हतं, लबाडी कळत नव्हती. तिला फक्त सारखं कळत होतं, आणि ते मी दिलेलं होतं.

चौथ्या दिवशी बसला पंधरा मिनिटं उरलेली. तिनं पुन्हा बारकं संत्रं काढून माझ्यापुढे धरलं आणि मी तिच्या उजव्या हातावर फाडकन मारलं.

सहा वर्षांत मी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. ती रडली नाही. तिची आई चुलीपाशी होती, तिनं एक लाकूड आत सारलं. मुलीनं ते संत्रं पेटीच्या तळाशी ठेवलं, अगदी हळू, आणि ठेवताना ती संत्र्याकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मग दुसरं ठेवलं. मग तिसरं. वर मोठी रचली. "बाई, बरोबर?" तिनं विचारलं, पण हात पुढे केला नाही. "बरोबर," मी म्हणाले आणि बस पकडायला पळाले. वाटेतलं तिगाव जवळ येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला स्वतःची किळस आली होती.

ती कामावर परत गेली. चुकली नाही. पुढच्या हंगामात ती पेट्या भरायलाच बसू लागली, कारण तिच्यासारखं तोंड कोणाला जमत नाही असं व्यापारी स्वतः म्हणायला लागला. मजुरीही पूर्ण झाली म्हणे. मी त्यांच्या घराकडे जाणं सोडलं. वर्षभरानं माझी बदली पांढुर्ण्याला झाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतरच्या कार्तिकात एका रविवारी मायलेकी माझ्या दारात उभ्या. मुलीनं लुगडं नेसलेलं, डोक्याला तेल, मनगटावर हिरव्या बांगड्या. कडेवर एक लहान पेटी होती. ती तिनं सौंसरपासून मांडीवर घेऊन आणली होती आणि बसमधे कोणाला हात लावू दिला नव्हता. कंडक्टरकडून तिकिटं तिनं स्वतः घेतली, असं आई म्हणाली. तिच्या आवाजात तोच जुना ताठा होता, पण ती माझ्या उंबऱ्याच्या आत येऊन बसली.

"हे तिनं भरली तुमच्यासाठी. मागं लागली, बाईले नेऊन देऊ, बाईले नेऊन देऊ. तिच्या स्वतःच्या मजुरीतून माल घेतला. मले हात लावू नाही देल्ला."

मी झाकण काढलं. शेजारीण आली होती, ती म्हणाली, "अगं बाई, काय सुरेख माल आहे!" खरंच होता. मोठी, तुकतुकीत, सारख्या आकाराची, दोनतीन पानांसकट. मी एक उचललं, मग दुसरं. बोटांना खाली काहीतरी लहान आणि मऊ लागलं.

मी वरचा थर बाजूला केला. खाली बारकी होती. हिरवट, डाग पडलेली, एक तर एका बाजूनं बसलेलं. तळापर्यंत तशीच. आईचा चेहरा एकदम उतरला. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच शरमलेली बघितली. "मले खरंच मालूम नव्हतं, बाई," ती म्हणाली. "आईची आण."

मला नेहमीसारखा संताप आला. तो कोणावर काढावा म्हणून मी मनात शोधायला लागले. हेडमास्तर होते, तो व्यापारी होता, ही आई होती. सगळे चेहरे फिरवून बघितले. पण तिला हे शिकवायला त्यांच्यापैकी कोणीही बसलं नव्हतं.

मुलगी माझ्यासमोर उभी होती. तिनं तिच्या परीनं सगळ्यात उत्तम पेटी भरली होती, आणि ती संत्र्यांकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"बारकं खाली, मोठं वर," ती म्हणाली. "बाई, बरोबर?"

विचारताना तिनं उजवा हात पाठीमागे लपवला होता.

"बरोबर," मी म्हणाले. "शाबास."

तेव्हा कुठे तिनं तो हात पुढे केला.